परवाचा पूर

कादंबरीत ती म्हातारी एकच शब्द बोलते. कालव्याचा मोजणीदार बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो, उन्हानं दिपलेल्या डोळ्यांवर हात धरतो आणि समोर त्याला आपलंच गाव दिसतं, पण कितीतरी वर्षांपूर्वीचं. बोगद्याच्या तोंडाशी एक म्हातारी चिंचा फोडत बसलेली असते. तो विचारतो, "आजी, पूर कधी?" ती मान वर न करता म्हणते, "परवा." तिथं प्रकरण संपतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. काल म्हणजे काल आणि उद्या म्हणजे उद्या, पण परवाला दोन्ही बाजूंना दारं आहेत. क्रियापद आलं की कळतं, परवा आला की परवा येणार ते. म्हातारीनं नेमकं क्रियापदच गिळलेलं असतं. त्या पुरात मोजणीदाराची बायको वाहून गेलेली, आणि तो तेव्हा साखळी घेऊन लांबच्या मोजणीवर. आता त्याला कळत नाही की आपण दोन दिवस उशिरा पोचलो की दोन दिवस लवकर.

मला मात्र पहिल्या वाचनातच कळलं होतं. तो उशिराच पोचला होता. तसं धरून चालणं मला गरजेचं होतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी इंदापुरात भाड्याच्या घरात राहायचो आणि शिकवायला कळसला जायचो. आक्का, माझी थोरली बहीण, बारामतीत होती. दाजी वर्कशॉपमध्ये फिटर होते. हिवाळ्यातल्या एका रविवारी ते मोटारसायकलवर कुणाच्या तरी कामासाठी इंदापूरला आले आणि जाताना आमच्याकडे डोकावले. चहा झाला. ते उठले. "चला पावणं, उजेड हाय तवर निघतो."

मी त्याच आठवड्यात टीव्ही घेतला होता. ब्लॅक अँड व्हाईट, आणि चित्रात नुसत्या मुंग्या. मी म्हणालो, "दाजी, जरा अँटेनाचं बघून जा की."

अँटेना म्हटल्यावर ते थांबले. गच्चीवर चढले. मी खिडकीत उभा राहून आत बघायचो आणि वर ओरडायचो.

"आलं का?"

"आलं! आलं! गेलं!"

"पावणं, नीट बघा. जानारं येनारं सांगू नका, थांबलं का ते सांगा!"

माझी बायको हसून हसून भिंतीला टेकली होती. हे असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही, पण दाजी अर्धं काम टाकून उठणाऱ्यातले नव्हते. शेवटी चित्र स्वच्छ झालं. ते खाली आले, हात पुसत बातम्या सांगणाऱ्या बाईकडे क्षणभर बघितलं, "दिसाया लागली बगा," म्हणाले आणि निघाले. तोवर अंधारून आलं होतं. बारामतीच्या वाटेवर मधे एका वळणाला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल फडकंसुद्धा नव्हतं.

एवढंच.

भेटायला येणारी माणसं म्हणायची, वेळ भरली होती, आयुष्यच तेवढं होतं. आक्काच्या शेजारच्या काकी तर दिवसातून तीनदा म्हणायच्या. त्यांना त्याचा आधार होता. आम्हाला नव्हता. आमच्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातून जे जे बाहेर काढलं, त्यात देवांच्या टाकांबरोबर नशीब हा शब्दही गेला होता. लहानपणी आमच्यापैकी कुणी चुकून "नशिबात न्हवतं" म्हटलं की ते विचारायचे, "कुनी लिहिलं? अक्षर दाखव." त्या सवालाचा मला फार अभिमान होता. मुलांनाही मी तो वर्गात सांगायचो. दाजी गेल्यावर पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. लिहिलेलं नव्हतं म्हणजे कारण होतं ते मी म्हणालेलं एक वाक्य.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून सगळे परतल्यावर मी आक्काला गाठलं. ती मागच्या दारी पातेली पालथी घालत होती. म्हणालो, "आक्का, ते उजेडातच निघाले होते. मी थांबवलं. अँटेनासाठी."

ती म्हणाली, "माज्या कानावर हाय." आणि पुढचं पातेलं उचललं.

बायकोनं आधीच सांगितलं असावं. मी वाट बघत उभा राहिलो. रडेल, बोलेल, पातेलं फेकून मारेल, काहीतरी करेल. ती आत गेली. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही, आणि मला तिचा निकाल हवा होता. कुठलाही चालला असता.

टीव्ही घरात ठेववेना. एका ओळखीच्या जीपच्या टपावर बांधून मी तो आक्काकडे पोचवला, वर अँटेनासुद्धा. भाचीला शाळेचे कार्यक्रम बघता येतील, असं सांगितलं. हे देणं होतं की घरातली नको ती वस्तू तिच्या अंगावर टाकणं होतं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तिथं अँटेना कुणीतरी कशीबशी पाइपाला बांधली. चित्र हलायचं. माझं जाणं कमी होत गेलं. गेलो तरी चहा प्यायचा, भाचीला अभ्यासाचं विचारायचं आणि उठायचं.

कादंबरी त्याच काळात इंदापूरच्या वाचनालयात हाती लागली. काळात मागे जाण्याची गोष्ट म्हणून मुलांना सांगावी एवढ्याच हेतूनं नेली आणि नंतर पुण्याला गेलो तेव्हा स्वतःची प्रत घेतली. शेवटच्या प्रकरणात मोजणीदार नदीच्या घाटावर येतो. पायऱ्या ओल्या असतात. बाभळीच्या फांद्यांत काटक्या आणि पाचोळा अडकलेला असतो. त्याचं घर हाकेच्या अंतरावर असतं, पण तो तिकडे जात नाही. घाटावर बसून राहतो. पुस्तक तिथंच संपतं. त्या काटक्यांखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. पुराचीच खूण ती. पूर येऊन गेलेला. कुणी लिहिलेलं नसलं तरी एकदा घडलेलं हलत नाही, मागे जाऊनसुद्धा हलत नाही, एवढा दिलासा मी त्या पानातून काढला आणि कितीतरी महिने त्यावर जगलो. कुणाला न सांगता पुस्तक शाळेच्या पिशवीत बाळगत होतो.

मग त्या कादंबरीवर मालिका आली.

निरोप आक्कानंच पाठवला. आमच्या घरमालकांच्या फोनवर काकींचा आवाज आला, "मास्तर हायत का? त्यास्नी म्हनावं, तुमच्या त्या पिशवीतल्या पुस्तकाचं टीव्हीवर लागतंय रविवारी दुपारी. आक्का म्हनत्यात, या." पुस्तक आक्कानं कधी बघितलं होतं कोण जाणे.

मी दर रविवारी एस्टीनं जाऊ लागलो. ते वळण आलं की पुस्तक उघडून डोळे त्यात घालायचो आणि एक अक्षर वाचायचो नाही. आक्काच्या घरी भाची, काकी आणि कधी गल्लीतली दोन-चार माणसं टीव्हीपुढे बसलेली असायची. मी दाराजवळचं स्टूल धरायचो, पिशवी मांडीवर. मधेच उठून पाणी प्यायचो, अंगणात जाऊन यायचो. काकी म्हणायच्या, "मास्तर, मुंग्या टीव्हीत हायत का तुमच्या अंगात?"

मालिकेनं पुस्तकाचं काय केलं ते पहिल्याच भागात दिसलं. मोजणीदाराचा शास्त्रज्ञ झाला होता. कालव्याचा बोगदा गेला आणि त्या जागी उघडझाप करणाऱ्या दिव्यांचं एक लोखंडी कपाट आलं. तो आत शिरला की धूर निघायचा.

"ह्ये तर आमच्या फ्रिजावानी हाय," काकी म्हणाल्या. "दार उघडलं की धूर आन आत काय न्हाय."

आक्का विचारायची, "पुस्तकात बी कपाट हाय का रं?"

"नाही. पुस्तकात तो चालत जातो. कालव्याच्या बोगद्यातून."

"मग त्ये बरं. चालत गेल्यालं मानसाला कळतं तरी."

मला बरं वाटायचं. पुस्तकाची बाजू घेतली की ती माझी बाजू घेते असं वाटायचं. पुस्तकात बायको फारशी बोलतही नाही, नुसती दारातून वळून बघते. मालिकेत तिला दोन गाणी होती आणि प्रत्येक भागात नवं लुगडं. मी हे सगळं तावातावानं सांगायचो. आता कळतं, माझा राग लुगड्यांवर नव्हता. मालिका कुठं निघाली आहे ते मला दिसत होतं आणि तिनं तिकडे जाऊ नये असं वाटत होतं.

एकदा चहा देताना आक्कानं सरळ विचारलं. "वाचिवतो का रं त्यो तिला?"

मी म्हणालो, "बघ की. सांगून मजा जाईल."

"पुस्तकात काय हाय, त्ये इचारती मी."

"पुस्तकात... ते नीट सांगितलेलं नाही."

"सांगितलं न्हाय का तू सांगंनास?"

त्यो, तिला, असंच ती म्हणत होती, पण मला तिचा प्रश्न दाजींबद्दलच ऐकू येत होता. वाचवता आलं असतं का? आलं असतं, तर कुणी अडवलं?

म्हातारीचा प्रसंग शेवटून दुसऱ्या भागात आला. इंदापुरात बसल्या बसल्या आठवडाभर मला त्याचीच धास्ती होती. टीव्हीवरची म्हातारी चिंचा फोडत नव्हती. पांढरा टोप लावून काठी टेकत उभी होती, मागे विजेचा कडकडाट. शास्त्रज्ञानं विचारलं, आणि तिनं बोट वर करून सांगितलं, "अजून दोन दिवस आहेत, बाळा! धाव!" शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर कॅमेरा नेऊन तारीखही दाखवली. माझ्या शब्दाचं एक दार त्यांनी खिळे ठोकून बंद केलं होतं.

शेवटच्या रविवारी घर भरलं होतं. पूर कुठल्या तरी जुन्या चित्रफितीतला होता, त्यात नदीचं पाणी वेगळं आणि काठ वेगळा. शास्त्रज्ञानं उडी घेतली, बायकोला खांद्यावर टाकून काठावर आणलं, तिनं डोळे उघडले, गाणं लागलं. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकींनी पदरानं डोळे पुसले. "बाई बाई, वाचली गं."

आक्का उठली आणि टीव्ही बंद केला. गाणं अर्ध्यात तुटलं. बायका जरा वेळ बसल्या, मग आपापल्या घरी गेल्या. काकी तेवढ्या राहिल्या. भाची शिकवणीला गेली. आक्का स्टोव्हपाशी जाऊन बसली, पण तिनं तो पेटवला नाही.

मला बसवेना, निघवेना. मी म्हणालो, "आक्का, हे खोटं आहे. पुस्तकात असं नाही. पुस्तकात तो वाचवत नाही तिला."

"मग काय करतो?"

"घाटावर बसतो."

"वाच."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. बोगद्यापासून वाचायला सुरुवात केली, म्हातारी, चिंचा. "परवा" म्हटल्याबरोबर तिनं हात वर केला.

"थांब. परवा म्हंजे?"

"म्हणजे होऊन गेला. पूर येऊन गेला."

"म्हातारी म्हनली का, आला?"

"नाही. नुसतं परवा."

"मग तू कशावरनं म्हनतोस?"

मी घाईघाईनं पानं उलटून शेवटचं प्रकरण वाचलं. ओल्या पायऱ्या. रेघ मारलेल्या काटक्या. म्हणालो, "हे बघ. पुराशिवाय काटक्या बाभळीवर कशा चढतील?"

"गेल्या सालच्या पुराच्या बी असत्यात की. संगमावर न्हाय बघितल्या आपुन? दोन दोन सालं लोंबत्यात. आन घाटाच्या पायऱ्या कवा कोरड्या असत्यात रं?"

आमचं गाव नरसिंहपूरच्या बाजूला. तिथं भीमेला आणि नीरेला पाणी चढलेलं आणि उतरलेलं आम्ही दोघांनी मिळून बघितलं होतं. अडकलेल्या काटक्या ओढून आणून आईला चुलीसाठी दिल्या होत्या. हे मलाही माहीत होतं. रेघ मारताना मी ते विसरलो होतो, किंवा बाजूला ठेवलं होतं.

"मग तुझं म्हणणं, पूर यायचाय अजून? टीव्हीत दाखवलं तेच खरं?"

"मला काय ठावं? त्या गड्याला तरी कुठं ठावं हाय?" तिनं पुस्तकाकडे बोट केलं. "घर कुठं हाय म्हनलास त्येचं?"

"हाकेच्या अंतरावर."

"मग ह्यो येडा हितं काय बसलाय?"

काकींना हसू फुटलं. मी म्हणालो, "दार बंद असलं तर? ती नसलीच तर? ते त्याला बघवणार नाही, म्हणून."

"आन उघडं असलं तर? ती आत भाकरी थापत बसली असंल तर? दोन दिस तर दोन दिस. ह्यो पायऱ्या ओल्या का कोरड्या बघत बसलाय."

"व्हय की," काकी म्हणाल्या. "बाप्यांचं असंच."

मी पुस्तक मिटलं. कितीतरी वेळा वाचलेल्या त्या शेवटात एक घर होतं, आणि त्या घराकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"तू बी तसाच," आक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "रविवारच्या रविवारी येतोस, दारापाशी स्टूल धरतोस, पिशवी मांडीवर. जनू स्टँडवर बसलायस. एस्टी लागली की उठायचं."

काकी हळूच उठल्या. "म्हशीचं बघती," म्हणाल्या. म्हैस त्यांनी विकून वर्ष झालं होतं.

मग मी विचारलं. "आक्का, तुझा राग आहे का माझ्यावर?"

तिनं स्टोव्हची पिन उचलली. "लई व्हता," म्हणाली. "तू थांबीवलंस म्हनून तुजा. मग त्यांचा यायचा, थांबलं कशाला म्हनून. अँटेना दिसली की गडी हलायचा न्हाय, मला ठावं न्हाय व्हय? मग ट्रॉलीवाल्याचा. मग फिरून तुजा. आज बी आला. त्यो तिला खांद्यावर घिऊन आला न्हवं, तवा आला. त्येनं वाचिवली म्हंजे आमीच कुठंतरी कमी पडलो, असं झालं."

"म्हणून तर मी म्हणतोय, ते खोटं..."

"खोटं आसंल. पन तुज्या पुस्तकानं बी माजा राग जायाचा न्हाय. ऱ्हाऊं दे की त्येला. राग हाय म्हनून तू दारात बसायचं कारन न्हाय."

निकाल मिळाला होता. मी मनात धरलेल्या दोन्हींपैकी तो कुठलाच नव्हता. तिनं मला सोडलं नव्हतं आणि हाकललंही नव्हतं. मी स्टुलावरून उठलो, पिशवी कुठं ठेवावी ते कळेना, मग आतल्या खुंटीला अडकवली.

"चित्र कवाधरनं हालतंय," ती म्हणाली. "बांधल्यापास्नं कुनी हात लावला न्हाय. जा, वर चढ."

मी तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती.

दाजी गेल्यापासून मी कुणाच्याच अँटेनाला हात लावला नव्हता. शेजाऱ्यांनी बोलावलं तरी काहीतरी कारण काढायचो. जिना अरुंद होता. वर पाइपाला तीच अँटेना होती, आमच्या इंदापूरच्या गच्चीवरची, एका बाजूच्या दोन कांड्या वाकलेल्या. ज्या तारेनं दाजींनी वायर आवळली होती, तिचे दोन वेढे अजून तिथंच होते. मी त्यांना हात न लावता पाइप धरला आणि फिरवला.

"आलं का?"

"आलं," खालून आवाज आला. "गेलं."

"आता?"

"न्हाय. मागं घे. जरा... आलं! गेलं."

"नीट सांग, थांबलं का?"

खालून मग तिचं हसू आलं, किंवा खोकला असेल. गच्चीवरून नीट कळलं नाही. मी पाइप इकडे तिकडे करत राहिलो. वाकलेल्या कांड्या सरळ केल्या. मला ते चित्र स्वच्छ करायचंच होतं. आणखी थोडं, आणखी एकदा, असं करत मी किती वेळ तिथं होतो ते सूर्य छपरांवर टेकला तेव्हा लक्षात आलं.

"आक्का, आता बघ! ह्या खेपेला थांबेल!"

ती अंगणात आली. कपाळावर हात धरून वर बघितलं.

"ऱ्हाऊं दे," म्हणाली. "उतर. उजेड हाय तवर नीघ."

"थोडंच राहिलंय..."

"मास्तर, उतर म्हनती ना."

मी पाइप सोडला. खाली आलो तेव्हा टीव्ही चालूच होता आणि चित्रात मुंग्या होत्या, आधीपेक्षा जरा कमी. तिनं खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत पुस्तक होतं आणि वर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. भाकरी तिनं कधी केल्या ते मला कळलंही नव्हतं.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण दारात पोचेपर्यंत एवढंच सुचलं, "परवा शाळेला सुट्टी आहे. परवा येतो."

"कंच्या परवा?" आक्का म्हणाली.

"येणाऱ्या."

"मग असं नीट बोल की," ती म्हणाली, आणि मी उजेडात स्टँडकडे निघालो.